शंभर रुपयांचा दंड आणि नर्सिंगचा अर्ज

प्रश्न : ताई, बारावी सायन्स करून मी एका खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते. यंदा बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी द्यायची आहे. अडचण अशी की माझ्या नावावर पोलिस केस आहे. मे २०२२ मध्ये, बारावीच्या निकालाची वाट बघत होते तेव्हा, सार्वजनिक नळावर शेजारणीशी आईचं भांडण झालं. शब्दाने शब्द वाढला, झोंबाझोंबी झाली, मी मध्ये पडले आणि मीही हात उचलला. दोन्हीकडच्या मिळून पाचजणींवर कलम १६० लागलं. कागदावर माझं वय १९ लिहिलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये कोर्टात उभं केलं, तेव्हा मी खरोखरच १९ वर्षांची होते. वकील म्हणाले, "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळ्या व्हा." प्रत्येकी शंभर रुपये भरून आम्ही घरी आलो. आता आत्या म्हणते, कुठे अवाक्षर काढू नकोस, कोण बघतंय! मामा म्हणतो, नर्सिंगचा नाद सोड, पोलिसांचा दाखला मिळणारच नाही. एक एजंट म्हणतो, वीस हजार दे, रेकॉर्ड साफ करून देतो. पुढे परदेशात जायचंही मनात आहे. अर्जात द्यायला एक खुलासा लिहून ठेवलाय, तो सोबत पाठवते. काय करू?

उत्तर : आत्या, मामा आणि एजंट, तिघांचंही ऐकू नकोस. नळावरच्या भांडणातला शंभर रुपयांचा दंड तुला नर्सिंगपासून अडवत नाही. खोट्या माहितीखाली केलेली सही मात्र अडवू शकते, आणि तीही नेमकी नोकरी हातात आल्यावर.

पण त्याआधी तुझ्या पत्रातली एक गोष्ट. तू ती सहज लिहून पुढे गेलीस, मी तिथेच थांबले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तू १९ वर्षांची होतीस. मग मे २०२२ मध्ये किती वर्षांची होतीस? हिशोब केला तर तू तेव्हा सतरा वर्षं तीन महिने ते अठरा वर्षं तीन महिने यांच्या मधे कुठेतरी येतेस. म्हणजे तुझी अठरा पूर्ण झाली नसण्याची शक्यताच जास्त. आणि कायदा वय बघतो ते गुन्हा घडला त्या दिवशीचं, कोर्टात उभं राहिलीस त्या दिवशीचं नाही. फिर्याद लिहिताना ठाण्यात घाईघाईत कोणीतरी "१९" सांगितलं, लिहिणाऱ्याने लिहिलं आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तेच उतरत गेलं. हे आपल्याकडे सर्रास होतं.

तेव्हा आजच दहावीचं प्रमाणपत्र काढ आणि त्यावरची जन्मतारीख घटनेच्या तारखेशी ताडून बघ. अठराला एक दिवस जरी कमी असेल, तरी तुझं प्रकरण त्या कोर्टात चालायलाच नको होतं. ते बाल न्याय मंडळापुढे जायला हवं होतं. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९ प्रमाणे "मी तेव्हा अल्पवयीन होते" हा दावा कोणत्याही न्यायालयात, कोणत्याही टप्प्यावर करता येतो. प्रकरण निकाली निघाल्यानंतरही करता येतो. वयाचा पुरावा म्हणून कलम ९४ आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्रच धरतं, पोलिसांनी लिहिलेलं वय नाही. दावा मान्य झाला तर कलम २४ लागू होतं : अशा प्रकरणामुळे त्या मुलीवर पुढे कुठलीही अपात्रता येत नाही. आणि कलम ७४ पोलिसांना बजावतं की मुलाचं प्रकरण बंद झालं असेल किंवा निकाली निघालं असेल, तर चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याची नोंद उघड करायची नाही.

यातलं काहीच आपोआप होत नाही. अर्ज करावा लागतो, त्यासाठी वकील लागतो, आणि हा वकील तुला फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे स्त्रियांना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, जिल्ह्याच्या कोर्टात प्राधिकरणाचं कार्यालय. १५१०० हा त्यांचा मदत क्रमांक. दहावीचं प्रमाणपत्र आणि केसचे असतील ते कागद घेऊन जा आणि पहिलं वाक्य एवढंच बोल : "घटनेच्या दिवशी माझी अठरा वर्षं पूर्ण नव्हती." बाकी त्यांना कळतं.

आता समज, तारीख उलटी निघाली. घटनेच्या दिवशी तुझी अठरा पूर्ण होती. तरी घाबरण्यासारखं नाही, फक्त वाट वेगळी आहे.

भारतीय दंड संहितेचं कलम १६० म्हणजे सार्वजनिक जागी मारामारी करून शांतता बिघडवणं. शिक्षा जास्तीत जास्त एक महिना कैद किंवा शंभर रुपये दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात हेच कलम १९४ आहे आणि दंडाची मर्यादा हजार रुपये झाली आहे. इतका हलका गुन्हा. पण हलका असला तरी "दंड भरला, विषय मिटला" हे वकिलांचं म्हणणं अर्धंच खरं. विषय मिटला तो कोर्टाच्या बाजूने. तुझ्या बाजूने कागदावर राहिली ती दोषसिद्धी. कबुली दिली, कोर्टाने दोषी धरलं, दंड केला : कुठल्याही फॉर्मच्या भाषेत याला "शिक्षा झाली" म्हणतात.

(ज्यांची तारीख अजून लागायची आहे अशा वाचकांसाठी इथेच सांगते. कोर्टात उभं राहून "कबूल" म्हणण्याआधी वकिलाला दोन गोष्टी विचारा. समोरच्या पक्षाशी कायद्याने तडजोड होऊ शकेल असा हा गुन्हा आहे का? असेल तर कोर्टापुढच्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेसारखा असतो. तसा नसेल, तर परिवीक्षा कायदा १९५८ खाली ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडा, अशी विनंती कोर्टाला करता येईल का? त्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे असं सोडलं गेलं तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. शंभर रुपयांत मोकळं होण्याच्या घाईत हे कोणी विचारतच नाही.)

तुझ्याकडे परत येते. पहिलं काम कागद गोळा करण्याचं. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर आपल्या नावाने केस शोध, क्रमांक लिहून घे. मग त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालाची प्रमाणित प्रत काढ. फिर्यादीची प्रतही घे. दंडाची पावती आईच्या ट्रंकेत कुठेतरी असेलच, ती शोध. हे लवकर कर, कारण किरकोळ खटल्यांचे कागद कोर्टं ठराविक मुदतीनंतर नष्ट करतात आणि मग नोंद शिल्लक राहते, तिचा खुलासा करणारा कागद राहत नाही. आणखी एक बघ : भांडणानंतर पोलिसांनी दोन्ही घरांवर चॅप्टर केस करून शांतता राखण्याचं बंधपत्र घेतलं होतं का? ती शिक्षा नव्हे, पण काही फॉर्म तेही विचारतात.

आता फॉर्मकडे वळू. आत्याची सगळी भीती आणि मामाचा सगळा ठामपणा एकाच गैरसमजावर उभा आहे, की सगळीकडे एकच प्रश्न विचारतात. तसं नाही. प्रत्येक कागद वेगळा प्रश्न विचारतो आणि तुला उत्तर द्यायचंय ते फक्त त्या कागदावरच्या प्रश्नाचं.

प्रवेशाच्या वेळचं बघ. सीईटी सेलच्या प्रक्रियेत सगळा भर गुणांवर आणि दाखल्यांवर असतो : दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जात प्रमाणपत्र, वैद्यकीय तंदुरुस्ती वगैरे. कॉलेज "चारित्र्याचा दाखला" मागतं तेव्हा बहुतेकदा त्यांना हवा असतो तो मागच्या शाळेचा किंवा कॉलेजचा, ज्यावर "वर्तणूक चांगली" असं छापलेलं असतं. पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला ही संपूर्ण वेगळी गोष्ट. मामांनी दोन्ही एकाच पिशवीत घातलेत. ऑफिसात विचारून घे, नेमका कोणाचा दाखला हवा. प्रवेशावेळी रॅगिंगविरोधी शपथपत्रही भरून घेतात. त्यात "दोषी" शब्द दिसला की दचकू नकोस, तिथे प्रश्न फक्त रॅगिंगचा असतो. आणि माहितीपुस्तिकेत किंवा कॉलेजच्या हमीपत्रात "न्यायालयाने शिक्षा केली आहे का" असा स्पष्ट प्रश्न असेल, तर उत्तर "होय". सोबत खुलासा.

पुढची दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघ, म्हणजे माझा मुद्दा कळेल. पासपोर्टचा अर्ज विचारतो : गेल्या पाच वर्षांत एखाद्या गुन्ह्यासाठी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैद झाली आहे का? तुझं खरं उत्तर "नाही". तुझ्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का? खटला निकाली निघालाय, तेव्हा तेही "नाही". आता सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून निवड झाली की साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. तो विचारतो : कधी अटक झाली? खटला झाला? बंधपत्र घेतलं? न्यायालयाने दंड केला? शिक्षा केली? इथे तुझं खरं उत्तर "होय". मुलगी तीच, केस तीच, एका कागदावर "नाही" आणि दुसऱ्यावर "होय", आणि दोन्ही उत्तरं खरी. आत्याच्या सल्ल्याने चाललीस तर दुसऱ्या कागदावर खोटी पडशील. भीतीपोटी नको तिथे नको ते लिहीत सुटलीस, तर पहिल्यावर विनाकारण गुंता करून घेशील.

साक्षांकन नमुन्यावर खोटी माहिती दिली तर अपात्र ठरवलं जाईल, अशी सूचना असते. ती नुसती धमकी नाही. २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची तत्त्वं एकत्र मांडली. उमेदवाराने दिलेली माहिती खरी हवी, लपवाछपवी चालणार नाही. मात्र गुन्हा क्षुल्लक असेल, तरुण वयातला असेल, सांगितला असता तरी माणूस अपात्र ठरला नसता, तर लपवल्याकडेही मालक आपल्या अधिकारात काणाडोळा करू शकतो. आणि जी गोष्ट विचारलीच नाही, ती लपवली म्हणून कारवाई करता येत नाही. नीट वाच : काणाडोळा करू शकतो, केलाच पाहिजे असं नाही. क्षुल्लक केस लपवणारी मुलगी समोरच्याच्या मर्जीवर सोडलेली असते. केस सांगून टाकणारीवर निदान खोटेपणाचा ठपका येत नाही.

आणि तुझ्या केससारख्या केसचं वजन किती, याचंही उत्तर जुनं आहे. हरियाणातल्या एका चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला १९८० मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील वर्तनाच्या कलमाखाली संक्षिप्त खटल्यात वीस रुपये दंड झाला होता. त्यावरून नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. त्या वीस रुपयांवरून नैतिक अधःपतन ठरत नाही असं सांगितलं, आणि साधारण दोन हजारांपर्यंतच्या दंडाची दोषसिद्धी कुठल्याही कामासाठी दोषसिद्धी मानू नये असा कायदा करण्याचा विचार संसदेने करावा, असंही सुचवलं. तसा सरसकट कायदा झालेला नाही, म्हणून तर तुला हे सगळं वाचावं लागतंय. पण पवन कुमार विरुद्ध हरियाणा राज्य हे नाव लिहून ठेव. कोणी तुझे शंभर रुपये डोंगराएवढे करायला लागलं तर वकिलाच्या तोंडी ते कामाला येईल.

आता तुझा खुलासा. दीड पान लिहिलंयस. त्यात शेजारीण किती भांडखोर आहे, नळाला पाणी किती वेळ येतं, आईला रक्तदाब आहे, आणि तीन ठिकाणी "माझी काहीही चूक नव्हती". पोरी, तू कोर्टात कबुली दिली आहेस. तोच निकाल सोबत जोडणार आणि वर लिहिणार चूक नव्हती! वाचणाऱ्याला केस खटकणार नाही, ही विसंगती खटकेल. सगळं काढून टाक आणि एवढं ठेव :

"मे २०२२ मध्ये आमच्या वस्तीतल्या सार्वजनिक नळावर पाणी भरण्यावरून दोन कुटुंबांत झालेल्या भांडणात मी सामील होते आणि माझ्याकडूनही हात उचलला गेला. भारतीय दंड संहिता कलम १६० खालील त्या प्रकरणात मी फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयात कबुली दिली. मला शंभर रुपये दंड झाला व तो मी भरला. त्याआधी किंवा त्यानंतर माझ्याविरुद्ध कोणतीही नोंद नाही. निकालाची प्रमाणित प्रत व दंडाची पावती सोबत जोडली आहे."

शेवटून दुसरं वाक्य खरं असेल तरच ठेवायचं, हे सांगायला नको. हाच मजकूर प्रत्येक ठिकाणी वापर. एका अर्जात "किरकोळ बाचाबाची" आणि दुसऱ्यात "मारामारी" असं झालं तर पुढे कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवणार. ज्या दवाखान्यात काम करतेस तिथल्या डॉक्टरांकडून कामाचं पत्र घे, तारखांसह. आणि त्यांना ही केस आधी स्वतः सांग. त्यांना ती दुसऱ्याकडून कळली तर पत्राचा उपयोग संपला.

वॉर्डाच्या बाजूनेही सांगते, कारण मी तिथेही आणि शिकवायलाही अनेक वर्षं होते. नर्सच्या हातात औषधांच्या कपाटाची किल्ली असते आणि समोर असा माणूस असतो ज्याला कूसही बदलता येत नाही. म्हणून चोरी, अमली पदार्थ, लहान मुलावर किंवा म्हाताऱ्या माणसावर हात टाकणं, लैंगिक गुन्हा, असलं काही असतं तर माझं उत्तर या सुरात आलं नसतं. तुझ्या केसवरून माझ्यासारखी सिस्टर ट्यूटर एकच प्रश्न विचारेल : रात्री दोनला कॅज्युअल्टीत पेशंटचे सहा नातेवाईक अंगावर ओरडत आले, तर तू काय करशील? याचं उत्तर तयार ठेव, आणि खरं ठेव. "मी कधी चिडतच नाही" हे उत्तर नव्हे. आवाज चढवणार नाही, दोन पावलं मागे होईन, सिक्युरिटीला आणि ड्यूटी डॉक्टरला बोलावीन, घडलं ते नोंदवून ठेवीन, हे उत्तर. दवाखान्यात असं काही घडलं असेल आणि तू ते निभावलं असशील, तर तेच सांग.

परदेशाचं थोडक्यात. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी झाल्यावर तो प्रश्न येईल. तेव्हा पासपोर्ट कार्यालयाकडून पोलिस क्लिअरन्स घ्यावा लागतो. ब्रिटनची नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिल नोंदणीच्या वेळी चारित्र्याबद्दल स्वतःचं निवेदन मागते. जर्मनीतला परवाना देताना माणूस व्यवसायाला विश्वासार्ह आहे का हे बघतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं बोर्ड वेगळं, आणि टेक्सासच्या बोर्डाकडे तर "माझी अशी केस आहे, मी पात्र ठरेन का" असं शिक्षण चालू असतानाच विचारण्याची रीतसर सोय आहे. तिथले प्रश्न आपल्यापेक्षा खोलात जाणारे असतात, म्हणून आजची प्रमाणित प्रत जपून ठेव. आणि तोपर्यंत दुसरी केस होऊ देऊ नकोस. नळावर आता भावाला पाठव.

एजंटबद्दल. अठरा पूर्ण झालेल्या माणसाची शिक्षा पैसे भरून पुसून मिळण्याची सोय आपल्या कायद्यात नाही. तेव्हा तो वीस हजारांत देणार काय? फार तर खोटा दाखला. म्हणजे शंभर रुपयांच्या केसवर बनावट कागदाची केस, आणि ती मात्र नर्सिंग परिषद, पोलिस, वकिलात, कोणीच हलक्यात घेणार नाही. त्याचा नंबर ब्लॉक कर.

नक्कल हातात येईपर्यंत सीईटीचा अर्ज थांबवू नकोस. अर्जाची मुदत कोर्टाच्या कामासाठी थांबत नाही, आणि अर्जात केसबद्दल विचारलं नसेल तर त्या दोन कामांचा एकमेकांशी संबंधही नाही. जन्मतारखेचं काय निघालं ते मात्र मला कळव. अठराच्या आतली निघाली तर वरचा खुलासा कुठेही देण्याआधी विधी सेवेच्या वकिलांना दाखव.